टिंबाची किंमत

चैत्र सरत आला, की राजगडाच्या पायथ्याला आपल्या पालीच्या रानात करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर दिसू लागतात. पोरे सकाळीच रानात जातात आणि ओंजळी भरून घरी येतात. हात काट्यांनी ओरबाडलेले, ओठ जांभळे झालेले. पाठोपाठ जांभळे पिकतात. पण खाऊन खाऊन माणूस किती खाणार? थोडी खातो, थोडी बाजारात जातात, बाकीची जाळीखाली गळून मातीत मिळतात.

आता दुसरी बाजू पाहा. गड पाहायला लोक येतात ते पावसाळ्यात आणि थंडीत जास्त. पाली दरवाज्याची वाट चढताना त्यांना तहान लागते. वाटेवर ताक आणि लिंबाचे सरबत विकून घराला चार पैसे मिळतात. करवंदाचे सरबत ठेवले, तर तेही आवडीने पितील.

पण करवंद पिकते वैशाखात आणि गिऱ्हाईक येते दिवाळीला. मधले पाच-सहा महिने सरबत टिकवायचे कसे? टिकवण्यासाठी दुकानात एक पांढरी पूड मिळते. ती घालावी की नाही? घातली तर किती घालावी? आजचा पाठ त्याबद्दल आहे. पाठ नीट वाचा. यात एका टिंबाची गोष्ट आहे.

सरबत नासते कशाने?

फळ धुतले तरी त्याच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. काही बुरशीचे, काही आंबवणारे. हवेतही ते असतातच. गोड पाणी मिळाले, की त्यांची चंगळ होते. एकाचे दोन, दोनाचे चार असे ते वाढतात. मग बाटलीच्या तोंडाशी पांढरी साय धरते. सरबत फसफसते. कधी बूच टणकन उडते. लोक म्हणतात, सरबत बिघडले. खरे तर आपले सरबत दुसऱ्याच कोणीतरी खाल्लेले असते.

आपले जुने राखणदार

नासण्यावरचा उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. कैरीच्या फोडींना ती मीठ लावी, वर तेल ओती. आवळ्याचा मोरावळा साखरेत मुरवी. वरंधा घाट उतरून कोकणात जा. तिथे कोकमाच्या रसात भरपूर मीठ घालून त्याचे आगळ करतात. तेही महिनेच्या महिने टिकते.

मीठ आणि साखर काय करतात? ती पाणी ओढून घेतात. त्या बारीक जीवांना जगायला लागणारे पाणीच मिळत नाही. तेल वरून झाकण घालते आणि हवा आत जाऊ देत नाही. मीठ, साखर, मसाले, शिरका, मध, खाण्याचे तेल हे सगळे राखणदारच. कायद्याच्या भाषेत अशा राखणदाराला परिरक्षक म्हणतात. घरातल्या या राखणदारांना कायद्याने पहिल्या वर्गाचे परिरक्षक मानले आहे.

मग साखरेवरच का भागत नाही? हिशेब करा. नुसत्या साखरेवर सरबत टिकवायचे, तर १०० भागांत सुमारे ६५ भाग साखर लागते. १० किलो सरबताला साडेसहा किलो साखर झाली! पैसे जास्त जातात, आणि करवंदाची आंबटगोड चवही साखरेत बुडून जाते. चवीला बरे सरबत करायचे, तर साडेचार किलो साखर पुरते. पण तेवढ्या साखरेने ते महिनोन्‌महिने टिकत नाही. ही उणीव भरून काढायला दुसऱ्या वर्गाचा राखणदार लागतो. तीच ती पांढरी पूड.

पूड आली कोठून?

या पुडीचे नाव सोडियम बेंझोएट. नाव परके वाटते, पण हिचे घराणे आपल्या ओळखीचे आहे. उरुसाला पिराच्या दर्ग्यात निखाऱ्यावर ऊद टाकतात. वास दरवळतो. ऊद किंवा लोबान म्हणून जी राळ विकतात, तिची एक जात सुमात्रा बेटातल्या झाडांपासून मिळते. अरब व्यापारी तिला लुबान जावी म्हणत. म्हणजे जावा बेटाकडचा लोबान. युरोपातल्या लोकांच्या तोंडी या नावाची मोडतोड झाली आणि बेंझोइन हा शब्द तयार झाला. त्या राळेतून एक आम्ल निघाले. आम्ल म्हणजे आंबट द्रव्य. त्याला बेंझोइक आम्ल म्हणू लागले.

हे आम्ल बुरशीला वाढू देत नाही. पण एक अडचण होती. ते पाण्यात लवकर विरघळत नाही. १ लिटर गार पाण्यात जेमतेम ३ ग्रॅम विरघळते. मग त्याला सोडियमची जोड दिली. सोडियम म्हणजे काय? आपल्या मिठात आणि खाण्याच्या सोड्यात जे असते, तेच. आम्ल आणि सोडा एकत्र आले, की फसफसून क्षार तयार होतो. तसाच हा क्षार तयार झाला. तो पाण्यात झटकन विरघळतो.

आज ही पूड उदापासून काढत नाहीत. खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यापासून ती कारखान्यात तयार करतात. पण हे आम्ल निसर्गातही आहे. दालचिनीत आणि लवंगेत ते थोडे थोडे असते.

पूड काम कसे करते?

पूड आंबट सरबतात पडली, की तिचे पुन्हा आम्ल होते. हे आम्ल बुरशीच्या आणि आंबवणाऱ्या जीवांच्या अंगात शिरते. आत गेल्यावर ते त्यांचा कारभार बिघडवून टाकते. त्यांची वाढ थांबते.

यातून एक मोठी गोष्ट ध्यानात घ्या. ही पूड आंबट पदार्थातच काम करते. लिंबू, कैरी, करवंद, कोकम यांत तिचा उपयोग होतो. आमटीत, भाजीत, दुधात तिचा काडीचा उपयोग नाही. दूध टिकावे म्हणून कोणी काही पूड घालीत असेल, तर त्याला हटका. दुधात असे काही घालायला कायद्याची परवानगी नाही. जांभळाचे सरबत करताना रस पुरेसा आंबट नसेल, तर आधी लिंबूसत्त्व घालावे लागते.

दुकानात आणखी एक पूड मिळते. तिला लोक केएमएस म्हणतात. लिंबाच्या आणि आंब्याच्या सरबताला ती चालते. पण करवंद, जांभूळ, कोकम यांचा जांभळा-लाल रंग ती उडवून टाकते. म्हणून काळ्या-जांभळ्या फळांना बेंझोएटच घेतात.

दुसरी गोष्टही तितकीच मोठी आहे. ही पूड नासके फळ चांगले करीत नाही. ती राखणदार आहे, वैद्य नव्हे. चोर घरात शिरल्यावर दाराला कुलूप लावून काय उपयोग? सडकी करवंदे, मळके भांडे, न उकळलेली बाटली यांवर पूड हा उतारा नाही.

टिंबाची गोष्ट

आता गोष्ट ऐका. आमच्या प्रौढवर्गात एक मामी येत. वय पन्नाशीच्या पुढे. सही येऊ लागली तेव्हा त्यांनी वर्गाला पेढे वाटले होते. पुढे अक्षरे जुळवून वाचू लागल्या. बचत गटातल्या बायांनी करवंदाचे सरबत करायचे ठरवले. पुडीचे प्रमाण कोणीतरी एका चिठ्ठीवर लिहून दिले होते. चिठ्ठी वाचायचे काम मोठ्या मानाने मामींकडे आले.

चिठ्ठीवर लिहिले होते, "१ किलो सरबताला ०.७ ग्रॅम." पण चिठ्ठी कमरेच्या पिशवीत राहून घामाने ओली झाली होती. शून्य पुसट झाले होते आणि टिंब तर दिसतच नव्हते. मामींनी वाचले, "सात ग्रॅम." सरबत होते १० किलो. सात दाहे सत्तर. त्यांनी ७० ग्रॅम पूड तोलून घातली. घालायची होती ७ ग्रॅम.

संध्याकाळी मामींची नात वाटीभर सरबत प्याली आणि म्हणाली, "आज्जे, घशात चुरचुरतंय गं." मामींनी स्वतः घोट घेतला. जिभेला तिखटसर, तुरट लागले. त्या तशाच चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, ह्यात काय तरी चुकलंय. बघा बरं."

मी चिठ्ठी उजेडात धरली. टिंबाची खूण बारीक दिसत होती. मी म्हणालो, "मामी, हे सात नाही. शून्य पूर्णांक सात आहे. एक ग्रॅमसुद्धा नाही, त्याहून कमी."

मामी खालीच बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "पाच बायांनी चार दिस काटे खाल्ले गुरुजी. साखर उधारीची. मला वाचाया आलं नसतं, तर चिठ्ठी दुसऱ्या कुणी वाचली असती. शिकले तेच चुकलं म्हणायचं."

मी म्हणालो, "मामी, शिकला नसता, तर नात चुरचुरतंय म्हणाल्यावर चिठ्ठी घेऊन आला नसता. ओतून भरून विकले असते. चूक वाचण्यात नाही. चूक अर्धे वाचण्यात आहे."

सरबत ओतून द्यावे लागले. पातेले उपडे करताना कोणी बोलले नाही. नातीने वाटीभरच घेतले होते. तिला पाणी पाजले आणि रात्रभर लक्ष ठेवले. सुदैवाने तिला काही झाले नाही.

एक पेला म्हणजे किती?

मामींचे सरबत विकले गेले असते, तर काय झाले असते? हिशेबच करू.

फळांच्या घट्ट सरबताला इंग्रजीत स्क्वॉश म्हणतात. आपल्या देशात १९५५ साली फळांच्या पदार्थांसाठी सरकारी हुकूम निघाला. स्क्वॉशच्या १ किलोत ६०० मिलिग्रॅमहून जास्त बेंझोइक आम्ल नसावे, अशी मर्यादा त्याखाली घालून दिली. पुडीत आम्लाबरोबर सोडियमचेही वजन असते. म्हणून ६०० मिलिग्रॅम आम्लासाठी पूड सुमारे ७०० मिलिग्रॅम लागते. ७०० मिलिग्रॅम म्हणजेच ०.७ ग्रॅम. चिठ्ठीवरचा आकडा असा आला होता.

एक भाग सरबत आणि तीन भाग पाणी घालून पेला भरला, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ५० मिलिलिटर सरबत येते. साखरेमुळे त्याचे वजन सुमारे ६० ग्रॅम भरते. त्यात बेंझोइक आम्ल येते सुमारे ३६ मिलिग्रॅम.

आता शरीराला किती चालते? जगातले जाणकार याचा विचार करून माप ठरवतात. माणसाने रोज, जन्मभर घेतले तरी बाधू नये, असे ते माप. पुष्कळ वर्षे हे माप अंगाच्या दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम होते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी नवा पुरावा पाहून ते २० मिलिग्रॅमपर्यंत वाढवले. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली तपासले, तेव्हा ५ च कायम ठेवले होते.

मूल १५ किलो वजनाचे आहे असे धरा. जुन्या मापाने त्याला दिवसाला ७५ मिलिग्रॅम चालते. म्हणजे योग्य प्रमाणातल्या सरबताचे दोन पेले. नव्या मापाने ३०० मिलिग्रॅम चालते. आणि मामींच्या पातेल्यातल्या एका पेल्यात किती होते? दहापट. म्हणजे सुमारे ३६० मिलिग्रॅम! एकाच पेल्यात नवे, मोठे मापसुद्धा ओलांडले. एकदा प्याल्याने मूल दगावेल असे नाही. पण रोज विकायच्या मालात असे होऊन चालेल का? हा सगळा फरक एका टिंबाचा.

शरीर या पुडीचे काय करते?

योग्य प्रमाणात पोटात गेलेली पूड शरीरात साठून राहत नाही. आपले काळीज, म्हणजे यकृत, तिला दुसऱ्या एका द्रव्याशी जोडते आणि ती लघवीवाटे बाहेर टाकली जाते. बहुतेक पूड एका दिवसात निघून जाते.

तरी या पुडीवर वाद झाले आहेत, हेही तुम्हांला ठाऊक असावे. १९०२ साली अमेरिकेत हार्वे वायली नावाच्या सरकारी रसायनतज्ज्ञाने एक प्रयोग सुरू केला. तरुण माणसे आपणहून पुढे आली. जेवणातून त्यांना खाद्यपदार्थांत घालायची निरनिराळी द्रव्ये दिली जात आणि प्रकृती तपासली जाई. लोक त्यांना विषपथक म्हणू लागले. वायलीचा बेंझोएटला विरोध होता. पुढे १९०९ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने, थोड्या प्रमाणात ते अपाय करीत नाही, असा निर्वाळा दिला.

२००७ साली इंग्लंडात लहान मुलांवर एक अभ्यास झाला. काही कृत्रिम रंग आणि बेंझोएट एकत्र घातलेले पेय प्याल्यावर काही मुलांची चुळबुळ वाढलेली दिसली. दोष रंगाचा की पुडीचा, ते त्यातून वेगळे कळले नाही. पण शहाण्याने बोध घ्यावा. करवंदाला देवाने रंग दिला आहे. वरून बाटलीतला रंग कशाला?

आणखी एक गोष्ट. फळात जीवनसत्त्व क असते. ते आणि बेंझोएट एकत्र असलेली बाटली उन्हात, उकाड्यात पडून राहिली, तर तिच्यात बेंझीन नावाचे घातक द्रव्य अगदी थोडेसे तयार होऊ शकते. ही गोष्ट अमेरिकेत १९९० च्या सुमारास लक्षात आली. म्हणून भरलेल्या बाटल्या अंधाऱ्या, गार जागी ठेवा. गडाच्या वाटेवर विकायला बसाल, तर बाटल्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सगळ्या बाटल्या उन्हात मांडून ठेवू नका.

बाटलीवर काय वाचावे?

बाजारातून सरबत, लोणचे, सॉस घेताना बाटली फिरवून पाहा. मागे बारीक अक्षरे असतात. पुष्कळदा ती इंग्रजी असतात. घाबरू नका. आकडे तर ओळखता येतात? मोबाइलवर इंग्रजी आकडे आपण रोजच पाहतो.

प्रत्येक परवानगी मिळालेल्या द्रव्याला जगभर एक क्रमांक दिला आहे. सोडियम बेंझोएटचा क्रमांक २११. दोन, एक, एक. केएमएसचा क्रमांक २२४. हा आकडा दिसला, की समजा, आत दुसऱ्या वर्गाचा राखणदार आहे. दिसला म्हणून बाटली फेकून द्यायची नाही. लिहिले आहे, म्हणजे दुकानदार लपवीत नाही. लहान मुलाला दिवसभर तेच पाजायचे नाही, एवढे मनाशी ठरवायचे.

बाटलीवर १४ आकड्यांचा परवाना क्रमांकही असतो. २००६ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. खायचे-प्यायचे विकणाऱ्याला त्याखाली परवाना घ्यावा लागतो. धंदा लहान असेल, तर नोंदणी करावी लागते. बचत गटालाही हे लागू आहे. विकण्यापूर्वी नोंदणी करा आणि आजचे प्रमाण काय आहे, ते तिथेच विचारून घ्या. नियम वेळोवेळी बदलतात.

आपण विकू त्या बाटलीवरही खरे लिहावे. काय काय घातले, कधी भरले, कधीपर्यंत वापरावे, आणि पूड घातली असल्यास तिचे नाव. जे लिहायला आपल्याला लाज वाटते, ते बाटलीत घालूच नये.

सरबत करायची रीत

१० किलो सरबताला साडेतीन किलो करवंदाचा रस, साडेचार किलो साखर आणि २ किलो पाणी घ्या.

१. पिकलेली, धड करवंदे निवडा. किडकी, फुटकी बाजूला काढा. स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा.

२. थोड्या पाण्यात शिजवून, चुरून, स्वच्छ फडक्यातून रस गाळा.

३. साखर आणि पाणी उकळून पाक करा. गाळून घ्या. त्यात रस मिसळा आणि गार होऊ द्या.

४. पूड तोला. चमच्याने मोजू नका. चमचे लहान-मोठे असतात आणि पूडही कधी बारीक, कधी जाड असते. एवढे थोडे वजन आपल्या तराजूवर कळत नाही. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा वापरा.

५. तोललेली पूड वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. मग सरबतात ओतून चांगले ढवळा. कोरडी पूड टाकली, तर ती एका जागी बसते.

६. काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून, कोरड्या करून भरा. बूच घट्ट लावा. तारीख घाला.

पूड खाण्याच्या प्रतीचीच घ्या. हीच पूड लोखंडाचा गंज रोखायलाही वापरतात. ती माणसाच्या पोटासाठी केलेली नसते. पाकिटावर खाण्याची प्रत असे लिहिले नसेल आणि परवाना क्रमांक नसेल, तर घेऊ नका. सुटी पूड तर नकोच.

घरच्यापुरते सरबत करायचे असेल आणि ते पंधरा दिवसांत संपणार असेल, तर पूड घालूच नका. फ्रिज असेल, तर त्यात ठेवा. नसेल, तर थोडे थोडे करा आणि ताजे प्या. राखणदार तिथेच ठेवायचा, जिथे राखण करायची गरज आहे.

मामींनी काय केले?

त्या रात्री मामींना झोप लागली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, बँकेत पैसं भरताना आकडा लिहितो, आन् खाली पुन्हा अक्षरी लिहितो. का वो?"

मी म्हणालो, "आकड्यात कोणी खोडाखोड करू नये म्हणून. एखादे शून्य चुकले, तरी अक्षर चुकत नाही म्हणून."

"मग पुडीचं बी अक्षरी लिहिलं तर?"

मी काही बोललो नाही. मामींनी खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर आपल्या हाताने लिहिले:

एक किलो सरबत : सातशे मिलिग्रॅम पूड.
दहा किलो सरबत : सात ग्रॅम पूड.

टिंब नाही, शून्य नाही. पुसले तरी अर्थ बदलायचा नाही. त्या ओळी त्यांनी पुठ्ठ्यावर उतरवून चुलीवरच्या भिंतीला, वाफ लागणार नाही अशा उंचीवर टांगल्या. तोलताना एकीने वाचायचे, दुसरीने तोलायचे आणि तिसरीने काटा पाहायचा, असा नियमही घातला. जांभळे पिकली, तेव्हा त्यांनी पुन्हा पातेले चुलीवर ठेवले. ते सरबत दिवाळीपर्यंत टिकले. साखरेची उधारी फिटली.

मंडळी, अति तेथे माती ही म्हण आपण जाणतो. पण अति म्हणजे किती, हे म्हण सांगत नाही. ते आकडा सांगतो. ही पूड चांगलीही नाही आणि वाईटही नाही. कशात घातली, किती घातली आणि बाटलीवर खरे लिहिले की नाही, एवढ्यावर सगळे आहे. या तिन्ही गोष्टी वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात आहेत. तुम्ही आता वाचू लागला आहात. तेव्हा पुरते वाचा. टिंबासकट वाचा.

नवे शब्द

परिरक्षक : पदार्थ नासू नये म्हणून घातलेले द्रव्य, राखणदार
आम्ल : आंबट द्रव्य
क्षार : आम्ल आणि सोडा यांसारख्या द्रव्यांच्या मिलाफातून होणारा पदार्थ
मिलिग्रॅम : १ ग्रॅमचा हजारावा भाग
अक्षरी : आकड्यात न लिहिता शब्दांत लिहिलेले

उत्तरे सांगा

१. मीठ आणि साखर पदार्थ कसा टिकवतात?
२. दुधात सोडियम बेंझोएट का चालत नाही?
३. करवंदाच्या सरबताला केएमएस का घालीत नाहीत?
४. ५ किलो सरबताला पूड किती लागेल? आधी आकड्यात लिहा, मग अक्षरी लिहा.
५. घरातली एखादी बाटली घ्या. तिच्यावर २११ हा आकडा आहे का, ते शोधा. तारीख आणि परवाना क्रमांक वहीत उतरवून आणा.